एकांकिकेत 'सायको' लिहिताय? मग या चुका टाळा

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमींचा हंगाम आला की माझ्या फोनवर संहिता येऊन पडायला लागतात. मी समुपदेशक आहे, नाटकवाली नव्हे. पण 'त्या मॅडम वाचून देतात' असं कुणीतरी कुणाला तरी सांगून ठेवलंय. कॉलेजं वेगळी, लेखक दरवर्षी नवे, चुका मात्र त्याच.

एका अंगात दोन माणसं

ही सगळ्यांत लाडकी चूक. नायिका दिवसा गरीब गाय, लाल लाइट पडला की आवाज बदलून दुसरीच कुणीतरी. शेवटी डॉक्टर जाहीर करतो, 'हिला पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे.' नाही हो! पूर्वी ज्याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत, त्याला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत १९९४ पासून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात आणि त्याचा वर्गच निराळा आहे. व्यक्तिमत्त्व विकारात माणूस एकच असतो. त्याची विचार करायची, चिडायची, नाती धरायची आणि तोडायची तऱ्हा तरुणपणापासून इतकी ताठर झालेली असते, की ती त्याला आणि घरच्यांनाही जाचते. डीएसएममध्ये असे दहा प्रकार आहेत. त्यातला अव्हॉइडंट घ्या. लोक नावं ठेवतील या धास्तीने बढती नाकारणारा, लग्नसमारंभ टाळणारा. त्याच्यावरची एकही संहिता माझ्याकडे आलेली नाही. त्याच्या हातात सुरा शोभत नाही ना!

खुनाचं कारण म्हणून निदान

टिळक रस्त्याजवळच्या एका कॉलेजात बाकं भिंतीला सरकवून तालीम चालली होती. नायिका बॉर्डरलाइन, म्हणजे त्या दहांतलाच एक व्यक्तिमत्त्व विकार असलेली, शेवटी रूममेटचा खून, ब्लॅकआउट. बॉर्डरलाइनबद्दल काय वाचलंस, असं लेखकाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सगळी लक्षणं टाकलीत." यादी छापून संहितेला टाचलेलीच होती. नऊच्या नऊ! निदानाला त्यांतली कोणतीही पाच पुरतात. पाच किंवा जास्त लक्षणांच्या जुळण्या मांडल्या तर २५६ होतात. एक बॉर्डरलाइन मुलगी दुसरीसारखी असेलच असं नाही, ते यामुळे. आणि त्या नवांत खून कुठेही नाही. मी म्हटलं, खून काढ.

"मग उरतं काय?"

उरत होता एक छोटा प्रवेश. मैत्रीण फोन उचलत नाही, म्हणून ही मेसेजवर मेसेज टाकते. आधी लाडीगोडी, मग शिव्या, मग माफी, मग ब्लॉक. थोड्या वेळाने अनब्लॉक करून विचारते, 'जेवलीस का?' समोरचा सोडून जाईल या भीतीने माणूस काय काय करतो, ते इतकं नेमकं मी क्वचितच वाचलंय. मुलांनी ते कुणाला तरी जवळून बघून लिहिलं होतं, हे कळत होतं. आणि वेळेत बसत नाही म्हणून नेमका हाच प्रवेश कापायचं ठरलं होतं.

त्यांनी खून ठेवला. टाळ्याही पडल्या. स्पर्धा आहे, चालायचंच. पण इकडे माझ्यासमोर बसलेल्या आईवडिलांनी बॉर्डरलाइन हा शब्द पहिल्यांदा ऐकला की पहिला प्रश्न येतो, "धाकट्याला तिच्या खोलीत झोपवायचं की नाही?" धोका असलाच तर बहुतेक वेळा त्या मुलीच्या स्वतःच्या जिवाला असतो. घरचे जपतात धाकट्याला.

माझी सवय सांगते. पेन्सिल घ्यायची आणि विकाराचं नाव येईल तिथे काट मारायची. त्यानंतर गोष्ट उभी राहत नसेल, तर लिहिलेलं अजून नाटक झालेलं नाही. मग लेखकाला सांगते, या मुलीची एक कंटाळवाणी मंगळवार सकाळ लिहून आण. बसला उशीर झालाय, मेसची काकू नेहमीसारखी हसली नाही, एवढंच. निम्मे लेखक परत येत नाहीत. ज्यांना दोन रील्स बघून आठवड्यात 'डार्क' लिहायचंय, ते न आलेलेच बरे.

स्वतःला इजा म्हणजे 'नाटक'

'लक्ष वेधायला करते' असं वाक्य कुठल्याही पात्राच्या तोंडी असेल, तर त्याला खोडून काढणारं कुणीतरी रंगमंचावर हवं. आणि कृती दाखवू नका, कशाने केलं तेही सांगू नका. प्रयोगाआधीच्या घोषणेत मोबाइल बंद करायला सांगता, तिथेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सांगा.

बाकीच्या पटापट.

लहानपणीचा एक फ्लॅशबॅक टाकला की सगळं उलगडलं, असं होत नाही. आघात अनेकांच्या आयुष्यात असतो, सगळ्यांच्या नाही, आणि अनुवंशिकतेचाही वाटा असतो.

सोडून गेलेला प्रत्येक मुलगा नार्सिसिस्ट नसतो. काही नुसतेच नालायक असतात.

पाट्या लावणाऱ्या काकांना ओसीडी, म्हणजे नको ते विचार घोळत राहून त्याच त्या कृती करायला लावणारा विकार, चिकटवू नका. ओसीडी व्यक्तिमत्त्व विकारांत येतच नाही. त्यांत आहे तो ओसीपीडी, म्हणजे नियम आणि नेटकेपणाचा ताठर अट्टहास, आणि तोही नुसत्या पाट्यांवरून ठरत नाही.

'येरवड्याला टाका', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हा विनोद पुण्यात पुरेसा होऊन गेलाय.

डॉक्टरचं पात्र पहिल्या भेटीत चुटकी वाजवून निदान करत असेल तर ते पात्रच काढा. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बहुतेक प्रकार बाजूला ठेवलेत. विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे आधी बघतात. बॉर्डरलाइन तेवढं एक जोडलक्षण म्हणून उरलंय.

'हे बरं होत नाही' हा संवाद तर हमखास असतो. बॉर्डरलाइनसाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही उपचारपद्धती तयार करणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या. वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बहुतेकांची लक्षणं ओसरलेली दिसली आहेत. मुख्य उपचार बोलण्याचे, शिकण्याचे असतात. गोळ्या देतात त्या प्रामुख्याने सोबतच्या नैराश्यावर, चिंतेवर.

आणि संहिता दाखवायचीच असेल तर पहिलं वाचन झालं की लगेच पाठवा. प्राथमिक फेरीच्या आदल्या रात्री अकरा वाजता पीडीएफ टाकून "मॅडम, फक्त टेक्निकल बघा" म्हणालात, तर मी ती उघडणार नाही.