इंग्रज आरमारी कप्तानाची कारकीर्द कशी जुळवावी

सतराव्या शतकातील इंग्रज आरमारात अधिकाऱ्याचा सलग सेवापट ठेवला जात नसे. म्हणून कप्तानाची कारकीर्द जुळवताना माणसाच्या नावामागे न लागता, त्याच्या हाती कोणते जहाज केव्हा होते याची यादी आधी करावी. येथे सर जॉन नारबरो (१६४०–१६८८) याचे उदाहरण घेतले आहे.

लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात नेमणुकांच्या नोंदवह्या, नेव्ही बोर्डाचा (आरमाराचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा) पत्रव्यवहार आणि कप्तानांची लॉगबुके आहेत. नेमणुकीच्या तारखेवर विसंबून मात्र थांबू नये, कारण जहाजाचा ताबा कधी कधी लढाईच्या ऐन मध्यावर बदलत असे. इंग्रज आणि डच आरमारांतील सोलबेच्या लढाईत ‘प्रिन्स’ या जहाजाचा कप्तान सर जॉन कॉक्स मारला गेला, तेव्हा लेफ्टनंट नारबरोनेच जहाज पुढे लढवले.

सर्वांत जास्त घोटाळा तारखांचा होतो. ही लढाई इंग्रजी कागदांत २८ मे १६७२ रोजी झाली, तर डच कागदांत ७ जून रोजी, कारण इंग्लंड तेव्हा दहा दिवस मागे असलेल्या जुन्या ज्युलियन गणनेवर होते. (शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही त्याच गणनेतली आहे, त्यामुळे मराठी अभ्यासकाला ही अडचण नवी नाही.) शिवाय इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या नोंदीत ‘१६७५’ दिसले, तर ते आपले १६७६ असण्याची शक्यता तपासावी.

जहाजांची नावेही फसवतात. १६६६ मध्ये डचांनी जाळलेले ‘रॉयल प्रिन्स’ आणि सोलबेचे ‘प्रिन्स’ ही दोन वेगळी जहाजे होत, पण दुसऱ्यालाही पुष्कळदा ‘रॉयल प्रिन्स’च म्हटले जाई. १६६० मध्ये राजसत्ता परतल्यावर तर ‘नेझबी’चे ‘रॉयल चार्ल्स’ झाले. म्हणून प्रत्येक नावापुढे बांधणीचे वर्ष लिहावे.

यादीत मोठी पोकळी दिसल्यास माणूस बेकार होता असे लगेच धरू नये. १६६९ ते १६७१ या काळात नारबरो ‘स्वीपस्टेक्स’ घेऊन मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून चिलीच्या वाल्दिव्हियापर्यंत गेला होता.

शेवटी कँटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयात सिद्ध झालेली मृत्युपत्रे पाहावीत आणि विधवेचा पुनर्विवाह झाला होता का, हेही तपासावे. नारबरोच्या पत्नीने १६९१ मध्ये त्याच्याच हाताखाली घडलेल्या क्लाउड्सली शॉव्हेलशी लग्न केले; त्यामुळे त्या घराचा शोध शॉव्हेल या नावाखालीही घ्यावा लागतो.