होडीच्या नव्या बॅटरीचं पहिलं चार्जिंग

दुकानातून आणलेली डीप-सायकल बॅटरी (खोलवर उतरवून पुन्हापुन्हा भरता येते ती) तशीच होडीत ठेवून मोटरला जोडू नका. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते, आणि कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर लवकरच. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं. मग कितीही चार्ज केलं तरी ते पूर्ण निघत नाही. म्हणून उद्यमनगरातून घ्या की शाहूपुरीतून, आधी बॅटरीवरची तारीख बघा आणि तिथंच मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावायला सांगा. 12.6 व्होल्ट उत्तम. 12.4 दिसले तर आजच्या आज चार्जिंगला लावा. 12.2 च्या खाली असेल तर सरळ दुसरा नग मागा.

चार्जिंग होडीत फळ्यांखाली करायचं नाही, मोकळ्या पडवीत करायचं. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो 4 टक्के झाला की एका ठिणगीवर पेटतो. अंगठी, कडं काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा घाला, बादलीभर पाणी जवळ असू द्या.

चार्जरचा करंट बॅटरीच्या एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) दहाव्या हिश्श्याएवढा ठेवा: 100 एएचला 10 अँपिअर, 150 एएचला 15. पाण्याच्या ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांच्या) बॅटरीला व्होल्टेज साधारण 14.4 ते 14.8 लागतं. 13.8 वर थांबणाऱ्या चार्जरनं ती भरल्यासारखी दिसते, पण बुडबुडे न आल्यामुळं जड ॲसिड तळाशीच बसून राहतं. जेल बॅटरीला (जिच्यात ॲसिड घट्ट जेलीसारखं असतं) मात्र 14.8 देऊ नका. जेलमध्ये पोकळ्या पडतात आणि त्या परत भरत नाहीत. लेबलवर कंपनीनं आकडा दिला असेल तर तोच धरा.

पाण्याच्या बॅटरीची झाकणं चार्जर लावण्याआधी उघडून पाणी बघा. प्लेटा उघड्या दिसत असतील तरच आत्ता त्या बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला. खुणेपर्यंत भरायचं ते चार्जिंगनंतर, नाहीतर ॲसिड फुगून बाहेर येतं. वरून ॲसिड कधीच घालायचं नाही. बॅटरी कोरडी आणि ॲसिड वेगळं मिळालं असेल तेवढाच अपवाद: खुणेपर्यंत भरा, अर्धा तास प्लेटा भिजू द्या, मग चार्जर लावा.

चार्जर बंद असतानाच लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, आणि मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग काळा, शेवटी लाल. बॅटरी हाताला चटका देण्याइतकी तापली तर थांबवा, निवू द्या, करंट कमी करून पुन्हा लावा.

‘चोवीस तास लावा’ हा दुकानातला सल्ला सोडून द्या. कुणाची 6 तासांत भरेल, कुणाची 14. सगळे सेल (बॅटरीतले कप्पे) सारखे बुडबुडायला लागले की तासातासानं हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजायची नळी) लावा. सलग तीन वेळा ग्रॅव्हिटी तीच आली म्हणजे भरली. आपल्याकडच्या बऱ्याच ट्युब्युलर बॅटऱ्यांत ती 27 अंशांना 1.240 च्या आसपास असते, परदेशी बनावटीच्या बॅटरीत 1.265 ते 1.280. आकडा लेबलशी ताडून बघा, उगाच 1.280 साठी चार्ज करत बसू नका. ॲसिड 37 अंशांवर असेल तर हायड्रोमीटरवरच्या आकड्यात 0.007 मिळवा. एखादाच सेल इतरांपेक्षा 0.030 हून मागे राहिला तर आणखी दोन-तीन तास द्या. तरी वर आला नाही तर तो सेल खराब आहे, वॉरंटीत बदलून घ्या. सीलबंद एजीएम (काचेच्या तंतूंच्या चटईत ॲसिड शोषलेली बॅटरी) किंवा जेलची झाकणं उघडायची नसतात. तिथं 100 एएचच्या बॅटरीला करंट 1-2 अँपिअरवर येऊन स्थिरावला की झालं.

चार्जर काढल्या काढल्या 13 च्या वर व्होल्ट दिसतात, ते खरे नव्हेत. रात्रभर ठेवून सकाळी मोजा, 12.6 च्या आसपास टिकले तर बॅटरी होडीत न्या. टर्मिनल घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावा. पहिल्या काही फेऱ्यांत निम्म्याहून जास्त उतरवू नका आणि परत आल्यावर त्याच दिवशी चार्जिंगला लावा. नव्या बॅटरीची पूर्ण ताकद अशा काही फेऱ्यांनंतरच येते, त्यामुळं पहिल्याच दिवशी मोटर कमी वेळ चालली म्हणून दुकानदाराशी भांडायला जायचं कारण नाही.