समुद्रात कोणी बेपत्ता झालं तर: पावसाळ्याआधीची तयारी

मुंबईत अक्सा-जुहूच्या किनाऱ्यांवरची गर्दी आता सुरू होईल, म्हणून आपल्या ग्रुपसाठी आत्ताच लिहून ठेवतोय. आधी नंबर सेव्ह करा, ११२, अग्निशमन दल १०१, पालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, कोस्ट गार्ड १५५४. आणि आपल्यातलं कोणीही पाण्यात उडी मारायची नाही, हे ठरलेलंच आहे.

मग वही. साधीच, प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत पेन्सिल, कारण ओल्या कागदावर पेन चालत नाही. त्यात पहिली ओळ म्हणजे माणूस शेवटचा कधी आणि कुठे दिसला. मागे एकदा तीन मित्रांनी तीन वेळा सांगितल्या, साडेचार, पाच, आणि तिसरा म्हणे "अंधार पडायच्या आधी"! पाण्याला अर्ध्या नॉटची (ताशी सुमारे नऊशे मीटर) ओढ असेल तर अर्ध्या तासाच्या चुकीने जागा साडेचारशे मीटर सरकते. त्यामुळे आधी त्यांच्या मोबाईलमधले फोटो बघा, सेल्फी काढलेलाच असतो आणि त्यावरची वेळ घाबरलेली नसते.

जागेसाठी, ज्याने पाहिलं त्याला तेव्हा होता तिथेच परत उभं करा, बोट दाखवू दे, त्याच रेषेत फोनचा कंपास धरून आकडा लिहा. दुसरा साक्षीदार लांब उभा होता का? मग त्याचीही रेषा घ्या, दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथून शोध सुरू. आपले कोळी दादा जाळ्याच्या जागा अशाच खुणा जुळवून लक्षात ठेवतात, त्यांना बोलवाच.

भरतीचं कोष्टक फोनमध्ये असू दे, नसेल तर तिथीची पाऊणपट करा, चतुर्थीला साधारण तीनला पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, कमी.

चार-पाच रिकाम्या बाटल्या पण ठेवा, पाऊण पाणी भरून, बूच घट्ट. रिकामी बाटली नुसती वाऱ्यावर पळते, भरलेली पाण्याबरोबर जाते. त्याच जागेवरून होडीतून सोडायच्या आणि दर दहा मिनिटांनी कुठे गेल्या ते लिहायचं. हेच गणित मोठ्या प्रमाणावर हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, करतं, त्यांचं सरात नावाचं टूल २०१६ पासून आहे, जागा, वेळ आणि तरंगणारा माणूस आहे की होडी हे दिलं की वारा-प्रवाह धरून शोधायचा पट्टा नकाशावर येतो. म्हणून वहीचा फोटो लगेच कोस्ट गार्डला.

एक मात्र आहे, बाटली सांगते ती तरंगणाऱ्याची वाट. जो खाली गेला तो बरेचदा बुडाल्या जागेजवळच तळाशी असतो, तिथे सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र) आणि पाणबुडे लागतात, आणि त्यांनाही विचारायचं असतं ते तुमच्या वहीतल्या पहिल्या ओळीबद्दलच.