ब्लॅकबेरीचा तोडा संपला? आधी काड्या ओळखा, मग कात्री लावा

फळे संपली की लगेच ब्लॅकबेरीची छाटणी उरकावी. घरच्या बागेत झुडूप जोमदार दिसते पण फळ धरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कात्री चुकीच्या काडीवर चाललेली असते.

मुळे वर्षानुवर्षे जगतात, पण जमिनीतून वर आलेल्या काडीचे आयुष्य दोनच वर्षांचे. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते. दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि वाळते. तोडा संपताना दोन्ही वयांच्या काड्या एकाच बुंध्यावर असतात. जुनी काडी तपकिरी, सालीला खरखरीत आणि तिच्या आखूड फांद्यांना फळांचे रिकामे देठ चिकटलेले. नवी हिरवी किंवा तांबूस, लवचिक, शेंड्याला कोवळी पाने. जुन्या काड्या जमिनीलगत कापाव्यात, खुंट ठेवू नये आणि कापलेला कचरा बागेबाहेर टाकावा. रोग-किडी त्यातच मुक्काम करतात. नव्यांपैकी जाड, निरोगी अशा चार-सहा राखाव्यात. त्याही सरसकट कापल्या तर पुढच्या वर्षीचा बहार गेलाच समजा. पहिल्याच वर्षी शेंड्याकडे फळणाऱ्या जातींचा हिशेब मात्र वेगळा: त्या हिवाळ्याच्या अखेरीस पूर्ण कापल्या तरी वर्षाअखेरचा एक बहार देतात.

ताठ वाढणाऱ्या जातींची नवी काडी मीटरभर झाली की शेंडा बोटभर खुडावा. मग बाजूला फांद्या फुटतात. हिवाळा सरताना, डोळे (फांदीवरचे कोंब) फुगण्याआधी, या फांद्या ३० ते ४५ सें.मी. राखून कापाव्यात. पसरणाऱ्या जातींचा शेंडा खुडू नये. ९० आणि १५० सें.मी. उंचीच्या दोन तारांवर काड्या सैल बांधाव्यात. शेंडा जमिनीला टेकला की तिथेच मुळे धरतो. रोप हवे असेल तर मातीत दाबा, नको असेल तर वेळीच उचला, नाहीतर जाळी माजते.

नवी लागवड करताना जमीन निचऱ्याची, सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता) ५.५ ते ६.५ आणि ऊन किमान सहा तास असावे. टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची नुकतीच घेतलेली जागा टाळावी, कारण त्यांच्या मर रोगाची बुरशी मातीत टिकते. ताठ जातींना सुमारे १ मीटर, पसरणाऱ्यांना २ मीटर अंतर. थंडीची गरज जातीगणिक बदलते, म्हणून उबदार हवेत कमी थंडीवर फुलणारी जातच निवडावी.

पाणी आठवड्याला साधारण २.५ सें.मी., फळ फुगताना थोडे जास्त, तेही बुडाशी. फळांवर पाणी मारले की करडी बुरशी येते. बुडाभोवती पालापाचोळ्याचे ५ ते ८ सें.मी. जाड आच्छादन पुरते.

फळाचे काही दाणे लालच राहून आंबट, कडक लागत असतील तर सूक्ष्म कोळी या बारीक किडीचा संशय घ्यावा. पांढरे पडले तर बहुधा कडक उन्हाचा चटका. खायला हरकत नाही. दाणे विरळ आणि फळ वेडेवाकडे असेल तर परागीभवन कमी पडले. पानाखाली नारिंगी भुकटी दिसली मात्र फवारणीत वेळ घालवू नये: तो तांबेरा झाडाच्या आत भिनलेला असतो, झुडूप मुळासकट उपटावे.

ज्यांच्याकडे अजून फळ आहे त्यांनी घाई करू नये. चकचकीत काळे फळ आंबटच असते आणि तोडल्यावर गोड होत नाही. चकाकी मावळली आणि हलक्या ओढीने आतल्या पांढऱ्या गाभ्यासकट हाती आले, की तोडावे. धुवावे ते खाण्याच्या वेळीच.