आय चिंग: रेषा बदलल्या की वाचायचं काय?

आय चिंग या प्राचीन चिनी ग्रंथातून कौल घेताना तीन नाणी सहा वेळा टाकली की एक हेक्साग्राम (सहा आडव्या रेषांची आकृती) तयार होतो आणि बहुतेक वेळा त्यातून दुसराही निघतो. घोळ होतो तो इथे. दोन्हींचा मजकूर समोर असतो, मग कौल कुठला धरायचा?

नाण्याची एक बाजू 3, दुसरी 2 धरा, पण हे टाकण्याआधी ठरवा. बेरीज 7 आली तर अखंड रेष, 8 आली तर तुटक. या दोन्ही स्थिर. 9 म्हणजे तुटक होणारी अखंड रेष (वर्तुळाची खूण करा), 6 म्हणजे अखंड होणारी तुटक (फुली करा). पहिली रेष सगळ्यात खाली. सवयीने वरून लिहायला घेतलंत तर हेक्साग्रामच चुकतो. खुणेच्या रेषा उलटवल्या की दुसरा हेक्साग्राम मिळतो.

‘त्सो चुआन’ या प्राचीन चिनी इतिहासग्रंथात चेन राज्याच्या राजपुत्रासाठी लावलेला कौल आहे. 20 वा ‘ग्वान’ आला: खाली चार तुटक, वर दोन अखंड. चौथी रेष बदलून 12 वा ‘पी’ झाला. वाचली ती ग्वानचीच चौथी रेष: राज्याचं वैभव पाहावं, राजाकडे पाहुणा म्हणून असणं लाभाचं. पीमधली चौथी रेष वाचणं ही नेहमीची चूक. पीचा उपयोग झाला तो चित्रापुरता: वरच्या तीन रेषांचं चिन्ह वारा होतं ते आकाश झालं, खालच्या तिन्हींचं चिन्ह पृथ्वी तसंच राहिलं.

एकाहून अधिक रेषा बदलल्या तर चिनी तत्त्वज्ञ चू शी (1130–1200) यांचे नियम हाताशी ठेवा. दोन बदलल्या तर पहिल्यातल्या त्या दोन्ही वाचा, वरची मुख्य. तीन असतील तर दोन्ही हेक्साग्रामांचा मूळ निर्णय (संपूर्ण हेक्साग्रामाबद्दलचं वचन). चार बदलल्या की पारडं फिरतं: दुसऱ्यातल्या न बदललेल्या दोन रेषा वाचा, खालची मुख्य. पाच असतील तर दुसऱ्यातली उरलेली एकच रेष. सहाही बदलल्या तर दुसऱ्याचा निर्णय. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या हेक्साग्रामांना मात्र यासाठी वेगळं वचन आहे. एकही बदलली नाही तर पहिल्याचाच निर्णय.

हे नियम सर्वमान्य नाहीत. पण नाण्यांनी शंभरात साधारण 47 वेळा दोन किंवा जास्त रेषा बदलतात, तेव्हा कुठलीतरी एक पद्धत आधीच ठरवलेली बरी. नाहीतर सोयीची ओळ शोधण्याचा मोह आवरत नाही.