हॉटेलची मोरी शनिवारीच का तुंबते? या चुका टाळा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात नवीन हॉटेल टाकणारा मालक टाइल्सच्या रंगावर आठवडाभर काथ्याकूट करतो. किचनचं पाणी कुठून कुठं जातं, हे मात्र त्याला पहिल्यांदा लाईन चोक होते तेव्हा कळतं. आणि ती हटकून शनिवारी रात्री चोक होते. यात नशिबाचा काही संबंध नाही. पाईपला आतून थर चढतच असतो, शनिवारी भांडी दुप्पट पडतात, आणि उरलेल्या भोकातून तेवढं पाणी जात नाही. मग आम्हा लाईन साफ करणाऱ्यांना फोन येतो, "दादा, आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा, गिऱ्हाईक बसलंय."

तेच फोन, त्याच चुका. म्हणून एकदा लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ग्रीस ट्रॅप, म्हणजे मोरीच्या पाण्यातलं तेल अडवायला लाईनवर बसवलेली पेटी. तो तेल जिरवत नाही, नुसतं अडवतो. पेटीत पाणी जरा थांबतं, निवतं. तेल-तूप वर येतं, शितं आणि भाजीचा चोथा तळाशी बसतो, मधलं बरंचसं नितळ पाणी आतल्या आडपडद्याखालून पुढच्या कप्प्यात जातं. वरचं आणि तळचं बाहेर काढायला माणूसच लागतो. ते काम कोणाचं हे ठरलेलं नसेल, तर कितीही महागडी पेटी आणा, भरली की तेल सरळ पुढं जाणार.

कढत पाणी ओतून लाईन "मोकळी" करणं

या चुकीवर माझा सर्वांत जास्त राग, कारण करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. आपण काळजी घेतोय, असंच त्याला वाटत असतं.

वाशीतलं एक पंजाबी जेवणाचं हॉटेल. बिल्डिंगच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला सोसायटीचे चेंबर. रोज रात्री किचन बंद करताना पोरं दोन टोप उकळतं पाणी आणि मूठभर साबणाची पावडर मोरीत सोडायची. मालक मोठ्या कौतुकाने झाकण उघडून दाखवायचा, "बघा, ट्रॅप कसा लखलखीत!" रोज बटर चिकन आणि दाल मखनी रांधणाऱ्या किचनचा ट्रॅप लखलखीत दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. तेल गेलं कुठं?

वनस्पती तूप ३१ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं, लोणीही त्याच आसपास, मटणाची चरबी त्याहून वर. उकळतं पाणी आणि साबण एकत्र आले की या सगळ्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं, ट्रॅपमध्ये वर यायला त्याला सवडच मिळत नाही. जमिनीखालच्या पाईपात थोडं पुढं गेलं की पाणी निवतं आणि तूप जिथं असेल तिथं थिजतं. पुढं सिमेंटच्या चेंबरमधला चुना आणि पाण्यातले क्षार त्याच्याशी मिळाले की कॅल्शियमचा साबण तयार होतो. हा साबण पाण्यात विरघळत नाही, वाळला की दगडासारखा धरतो.

त्या हॉटेलच्या मागचा तिसरा चेंबर उघडला, तर पाण्याच्या जागी राखाडी लादी. बांबू आत जाईना, पहार लावावी लागली. तोवर तळमजल्यावरच्या एका घरात न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर आलेलं, सोसायटीचे सेक्रेटरी आणि त्यांच्यामागे अर्धी बिल्डिंग खाली जमलेली, आणि मालक अजून एकच धोशा लावून बसलेला, "पण माझा ट्रॅप तर साफ आहे!" घमेली भरभरून माल काढला. साफसफाईचं बिल मालकाने भरलं, त्या घराचं नुकसानही त्यानेच भरलं, आणि वर्षभर उकळत्या पाण्यावर जाळलेल्या गॅसचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

उपाय सोपा आहे आणि कोणालाच आवडत नाही. तेल मोरीपर्यंत जाऊ देऊ नका. खरकटं आधी डब्यात झाडायचं, कढई-पातेली रबरी पट्टीने निपटायची, मग कागदाने पुसायची, आणि त्यानंतरच पाणी. मी ज्या किचनचं काम घेतो तिथं सिंकशेजारी रद्दीचा गठ्ठा आणि कोरडा डबा दिसल्याशिवाय करारावर सही करत नाही. भांडं पुढं घासलं जाणारच असतं. तरी छापील कागदाची शंका वाटत असेल तर टिश्यूचा जाड रोल घ्या. "एवढा वेळ कुठंय दादा?" असं नवी पोरं हमखास विचारतात. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून ऑर्डरी काढायला मात्र यांना वेळ असतो.

झाकण उघडत नाही असा ट्रॅप, तोही बाहुलीच्या घरातला

घोडबंदर रोडवरच्या एका कॅफेत ट्रॅप आहे हे नकाशावर दिसत होतं, किचनमध्ये दिसत नव्हतं. इंटिरियरवाल्याने झाकणावर टाइल बसवून वर फ्रीजर ठेवला होता. हातोडीने ठोकत ठोकत पोकळ आवाज शोधला. आत काय होतं ते जेवायच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी सोडून देतो. नियम एवढाच करा: झाकण एका माणसाला, काहीही न हलवता, उघडता आलं पाहिजे. ज्याला वाकून, सरकून, फ्रीजर ढकलून पोचावं लागतं तो ट्रॅप साफ होत नाही. रजिस्टरमध्ये सह्या मात्र रोजच्या असतात.

आता मापाचं. दुकानदार "सर, हा चालून जाईल" म्हणतो आणि आपण घेतो. जरा गुणाकार करा. ६० बाय ४५ बाय ३० सेंटिमीटरचं सिंक म्हणजे ८१ लिटर; पाऊण भरलं तरी साधारण ६० लिटर. बूच काढल्यावर ते दोन मिनिटांत रिकामं झालं, तर मिनिटाला ३० लिटर पाणी आलं. खाली पेटी २० लिटरची. पाणी आत जेमतेम ४० सेकंद थांबतं, आणि पेटी निम्मी गाळाने भरलेली असेल तर त्याच्याही निम्मं. जमिनीत टाकी बांधणारे पाणी २० ते ३० मिनिटं थांबावं असा हिशेब धरतात. ३० मिनिटांचे या एका सिंकचेच ९०० लिटर होतात. तेवढी जागा गाळ्यात नसते, हे मलाही कळतं. मग छोटी पेटी रोज साफ करायची तयारी ठेवा. छोटी पेटी आणि महिन्यातून एकदा सफाई, हा हिशेब कुठंच जुळत नाही.

क्लाउड किचनवाल्यांना, म्हणजे फक्त डिलिव्हरीचं जेवण बनवणाऱ्यांना, वेगळं सांगतो. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या बाजूला भाडं परवडतं म्हणून जुना गाळा घेता. त्या गाळ्याची लाईन कामगारांनी हात धुवावेत आणि एक संडास चालावा एवढ्यासाठी टाकलेली असते. त्यावर तुम्ही तीन ब्रँडची बिर्याणी शिजवता. ॲग्रीमेंटच्या आधी मागचे चेंबर उघडून बघा, पाईप किती इंची आहे आणि उतार आहे का ते पाहा. मीटरला दीड सेंटीमीटरच्या आसपास उतार हवा. घरमालक चेंबर उघडू देत नसेल तर गाळा सोडा.

पेटी कधी साफ करायची, याला माझ्याकडे पांढऱ्या पाईपची एक काठी आहे. तळापर्यंत घालायची, वरचा थर आणि खालचा गाळ मोजायचा. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या पाव भागाला पोचले की साफ. दोन फूट पाणी असेल तर सहा इंच. आणि साफ केल्यावर पेटी आधी स्वच्छ पाण्याने भरा, मग किचन चालू करा. रिकाम्या पेटीत पहिलं कढत पाणी पडलं की तळाचा उरलेला ओशटपणा घेऊन ते तसंच पुढं जातं. ही शेवटची पायरी दहातले नऊ जण गाळतात.

बाकीच्या, थोडक्यात

कॉस्टिक सोडा ओतला की चोकअप सुटतो, हे खरं. सुटतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा बसतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकामागोमाग ओतणाऱ्याला किचनबाहेर काढा. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

तेल खाणाऱ्या बॅक्टेरियाची बाटली वाईट नाही, पण त्यांना वेळ लागतो. रात्री बाटली आणि सकाळी फिनेल-ब्लीच असं असेल तर पैसे मोरीत.

इडली-डोशाचं पीठ आणि भाताची पेज तेलकट नाही म्हणून बिनधास्त सोडतात. तळाचा घट्ट गाळ बहुतेक त्याचाच असतो.

संडासाची लाईन ट्रॅपमधून घेऊ नका. हे लिहावं लागतंय, यातच सगळं आलं.

तळणाचं जळकं तेल मोरीत ओतणं हा तर निव्वळ तोटा. १ जुलै २०१८ पासून तेलातली पोलर संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तळणाला वापरता येत नाही, आणि एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या "रुको" योजनेत असं तेल बायोडिझेलसाठी गोळा होतं. दिवसाला ५० लिटरच्या वर तळणाचं तेल लागत असेल तर त्याची नोंदही ठेवावी लागते. अधिकृत गोळा करणाऱ्याला द्या, पावती घ्या, डब्याचे पैसेही मिळतात.

मागच्या पावसाळी गटारात पाईप सोडणं

"मलवाहिनी तुंबतेय ना, मग तात्पुरतं या गटारात सोडू." तात्पुरतं म्हणजे पुढचा भाडेकरू येईपर्यंत. नवी मुंबईत तर हे फारच वाईट, कारण हे शहर खाडीला लागून सखल जमिनीवर वसवलंय. भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून शहर वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव आणि झडपा केल्या. पावसाळी नाल्यांचं पाणी त्या तलावांत येतं आणि ओहोटीला खाडीत जातं. वाशी-नेरुळ-बेलापूरच्या तलावांत गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय, उपसा सोपा राहिलेला नाही. त्यात तुमचा तवंग. आणि पुढं ठाणे खाडी, जिथं २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे.

कायद्याचा आकडाही माहीत असू द्या. सांडपाण्यातलं तेल आणि ग्रीस सार्वजनिक मलवाहिनीत सोडताना लिटरला २० मिलिग्रॅम, नदी-तलावासारख्या पाण्यात सोडताना १०. हजार लिटरच्या टाकीत २० ग्रॅम, म्हणजे चार-साडेचार छोटे चमचे. एका न पुसलेल्या कढईत याहून जास्त असतं.

माणूस आत उतरवणं

यावर चेष्टा नाही. जमिनीतल्या बंद टाकीत, चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका. "दोन मिनिटांचं काम" म्हणूनही नाही, दारू आणि हजार रुपये देऊन तर अजिबात नाही. सडलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि उतरलेल्याला वाटतं वायू गेला. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. २०१३च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीची अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं गुन्हा आहे. सक्शन गाडी बोलवा. गाडी टाकीपर्यंत पोचत नाही अशी जागा असेल तर लांब नळी मागवा, आणि पुढच्या वेळी टाकी बांधताना गाडीचा विचार आधी करा.

राहिलं जेटिंग, म्हणजे नळीने जोराचं पाणी मारून लाईन साफ करणं. घाईत पोरं किचनच्या बाजूने नळी घालतात आणि सगळा थर पुढं ढकलतात. खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने घाला, म्हणजे सुटलेला माल पाण्याबरोबर तुमच्याकडे येतो. त्या चेंबरच्या तोंडाशी जाळी लावा, तुकडे तिथंच घमेल्यात उचला, आणि जेटिंगवाल्याला पैसे द्यायच्या आधी शेजारच्या दुकानासमोरचं झाकणही उघडून बघा.