जिममधलं मशीन निवडताना आधी सांधा बघा, मग वजन

नव्या सभासदाच्या हातात पहिल्याच दिवशी ‘सोमवारी छाती, मंगळवारी पाठ’ असा तक्ता देतात आणि त्यात पंधरा-वीस मशीनांची नावं असतात. तो तक्ता बाजूला ठेवा. पहिले काही महिने पाच मशीनं भरपूर झाली: लेग प्रेस, बसून करायचा लेग कर्ल, चेस्ट प्रेस, सीटेड रो आणि लॅट पुलडाऊन. पायांनी ढकलणं, गुडघ्यात पाय दुमडणं, हातांनी ढकलणं, हातांनी ओढणं, एवढ्यात अंगातले बहुतेक मोठे स्नायू कामाला लागतात. हृदयविकार, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कंबर वळवायचं मशीन सोडून द्या. वजनाखाली मणका पिळण्याची नवशिक्याला काही गरज नसते. मांड्या आत-बाहेर करायच्या मशीनवर ‘मांडीची चरबी जाते’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्याने तिथला स्नायू बळकट होतो, पण चरबी कुठून कमी करायची ते शरीर स्वतःच ठरवतं. बागेतल्या खुल्या व्यायामशाळेबद्दलही मला लोक विचारतात. हातपाय मोकळे करायला ती चांगली आहे, पण तिथल्या बहुतेक मशीनांवर तुम्ही आपलंच वजन उचलता आणि ते कमी-जास्त करता येत नाही. खांदा दुखणाऱ्या ज्येष्ठांनी तिथल्या चेस्ट प्रेसपासून सुरुवात करू नये.

बसण्याआधी केबल बघा. आवरण फाटून आतल्या तारा दिसत असतील, किंवा वजन ठरवायच्या मूळ पिनेच्या जागी खिळा, स्क्रूड्रायव्हर असलं काही खुपसलेलं असेल, तर त्या मशीनला हात लावू नका.

आता सीट लावणं. मला स्वतःला सगळ्यात उशिरा समजलेला भाग हाच, आणि जिममध्ये सगळ्यात कमी सांगितला जातो तोही हाच. आधीच्या माणसाने जशी सीट ठेवली तशाच सीटवर बसून लोक वजनाची पिन लावतात, आणि महिन्याभराने गुडघा दुखतो म्हणून मशीनला दोष देतात.

लेग कर्ल किंवा लेग एक्स्टेन्शनचा (बसून गुडघा सरळ करायच्या मशीनचा) दांडा एका ठरावीक बिंदूभोवती फिरतो. बऱ्याच मशीनांवर तिथे रंगीत ठिपका असतो. नसेल तर दांडा रिकामाच हलवून बघा, बिंदू लगेच सापडतो. बाजूने पाहिल्यावर तुमच्या गुडघ्याचा मध्य बरोबर त्या बिंदूच्या रेषेत यायला हवा. एकाच दाराच्या दोन बिजागऱ्या वेगवेगळ्या रेषांत बसवल्या तर दार ओढ घेतं, तसाच ताण इथे गुडघ्यावर येतो. सीट नव्हे, पाठीचा टेका पुढे-मागे सरकवून ही रेष जुळवा. पायाला टेकणारा गादीचा रोलर (लेग एक्स्टेन्शनवर पुढून नडगीला, लेग कर्लवर मागून) घोट्याच्या जरा वर हवा, पावलावर नको. मग सगळ्यात हलकी प्लेट लावून चार-पाच वेळा हालचाल करा आणि रोलरकडे लक्ष ठेवा. रोलर पायावर वर-खाली घसरत असेल तर रेष चुकली आहे. ही खूण पक्की आहे. घसरणं जवळजवळ थांबेपर्यंत टेका बदलत राहा, घाई करू नका.

चेस्ट प्रेसवर सीट अशी ठेवा की मुठी छातीच्या मध्याच्या उंचीला येतील. त्या खांद्यापाशी आल्या की कोपर वर उचललं जातं आणि खांदा चिमटतो. पायाने दाबायचं पेडल असेल तर ते वापराच. मुठी पुढे आणायलाही आणि शेवटी परत सोडायलाही. पेडलशिवाय सुरुवात केली तर हात छातीच्या फार मागे ताणलेल्या अवस्थेत पूर्ण वजन पेलावं लागतं.

लेग प्रेसवर गुडघे छातीकडे आणताना ढुंगण सीटवरून उचललं गेलं आणि कंबर गोल झाली, की तुमची मर्यादा संपली. त्याच्या दोन बोटं अलीकडे थांबा, शेजारचा कितीही खाली जात असो. वर जाताना गुडघे ताठ लॉक करू नका. तिरक्या लेग प्रेसवर वजन अडवणारे हूक कुठे आहेत ते आधी हाताने चाचपून घ्या. तिथला पायांनी ढकलायचा रिकामा पाटही हलका नसतो.

उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर बऱ्याच मशीनांवर पाय जमिनीला टेकत नाहीत. विशेषतः बायकांना हा त्रास होतो आणि त्या संकोचाने बोलत नाहीत. पायाखाली स्टेपर (व्यायामाची बुटकी चौकी) घ्या, पाठीमागे घट्ट पॅड घ्या. मऊ उशी नको, ती जोर लावताना दबते. एवढं करूनही रेष जुळत नसेल तर ते मशीन सोडून केबल किंवा डंबेल वापरा. ट्रेनर ‘होईल सवय’ म्हणाला तरी ऐकू नका, सांध्याची रेष सवयीने बदलत नाही.

लॅट पुलडाऊनचा दांडा पुढे, गळ्याखालच्या हाडापर्यंत ओढा. मानेमागे नाही.

वजन एवढं हवं की १० ते १२ वेळा होईल, शेवटचे दोन जड जातील, पण हालचाल बिघडणार नाही. वजन खाली आणायला दोन-तीन सेकंद द्या, प्लेटी आपटू देऊ नका. एका मशीनवरचा आकडा दुसऱ्यावर तसाच लावू नका. कप्पी आणि कॅम (केबल ज्यावर गुंडाळते ते, पूर्ण गोल नसलेलं चाक) बदलला की तीच प्लेट जड किंवा हलकी लागते. १९७०च्या दशकात आर्थर जोन्स यांच्या नॉटिलस मशीनांनी प्रसिद्ध केलेला शंखासारखा कॅम तर एकाच हालचालीत सुरुवातीचा आणि शेवटचा भार वेगळा ठेवतो. ढकलताना श्वास सोडा. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. स्नायूत जळजळ चालेल, सांध्यात कळ आली की लगेच थांबा. आठवड्यातून दोन दिवस तरी करा.

जमलेली सेटिंग लगेच मोबाइलमध्ये लिहून ठेवा: ‘लेग कर्ल, टेका ३, रोलर २’. दुसऱ्या जिममध्ये मात्र हे आकडे चालणार नाहीत, तिथे रोलरची परीक्षा पुन्हा करा.